शेपटी कोण हलवतंय

विमान उडवणं मी विसरणं शक्यच नाही, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा माझ्या खांद्यावर बाळाच्या ओकारीचा ताजा डाग होता आणि हातात दुधाची बाटली. त्यामुळे घोषणेला हवा तसा उठाव आला नाही.

"कुठलं विमान?" नवऱ्यानं विचारलं.

"भिंतीवरचं."

"ते? त्याच्यावर तर कोळ्यानं संसार थाटलाय."

तुम्हाला वाटेल, भिंतीवर कोण विमान लावतं? आमच्याकडे आहे. रिमोटवर उडणारं, पण खेळण्याच्या दुकानातलं नव्हे. हलक्या बाल्सा लाकडाचं, लाल पंखांचं, पुढे खरंखुरं इंजिन असलेलं. आडवं धरलं तर दारातून जात नाही. मी कॉलेजात होते तेव्हा बाबांनी आणि मी मिळून ते बांधलं. माझे बाबा दातांचे डॉक्टर. आता निवृत्त झालेत आणि आमच्याचकडे राहतात. ते विमान बघितलं तरी त्यांचा धंदा कळतो. पंखाचा प्रत्येक जोड दात साफ करायच्या दोऱ्यानं गुंडाळलाय, आणि लाकडात जिथे जिथे फट होती तिथे दाढा भरायचं सिमेंट आहे. जगात कीड लागू न शकणारं हे एकमेव विमान असावं.

लग्नाआधी दर रविवारी आम्ही दोघं ते हौशी विमानवाल्यांच्या क्लबच्या मैदानावर उडवायचो. मग नोकरी आली, लग्न आलं, बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला आणि शेवटी आमची मुलगी आली. तिचं खरं नाव गोड आहे, पण घरात तिला भोंगाबाई म्हणतात. का, ते पुढे कळेलच.

तर विमान छोट्या खोलीतल्या भिंतीवर गेलं. आणि आता ती भिंत भोंगाबाईंच्या कपाटाला हवी होती.

नवऱ्याचंही चूक नव्हतं. पोरीचे कपडे खोक्यांत होते, खोकी पलंगाखाली होती, आणि एक झबलं शोधायला आम्हाला रोज साष्टांग नमस्कार घालावा लागत होता. तो विमा कंपनीत दावे तपासतो. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि मालक खोटं बोलतोय का ते ओळखायचं, हे त्याचं काम. त्यामुळे घरातही तो अटी घालूनच बोलतो.

"रविवारी उडव," तो म्हणाला. "उडालं, आणि तुझ्याच हातानं नीट खाली उतरलं, तर भिंत विमानाची. कपाट मी कुठेतरी कोंबीन. नाही तर ते क्लबला देऊन टाकायचं. कबूल?"

"कबूल. भिंतीचं माप घ्यायची घाई करू नकोस."

बोलले झोकात खरी. पोरगी झाल्यापासून या हातांना जे जमतं ते सगळं जमिनीलगतचं. पुसणं, उचलणं, भरवणं, थोपटणं. मी ते आनंदानं करते. तिच्या मऊ टाळूचा वास घेतला की मला दुसरं काही आठवतही नाही. पण ते विमान गेलं असतं तर मी एकेकाळी काहीतरी आभाळात नेत होते आणि परत आणत होते, याची घरात खूण उरली नसती. मलाच ते खरं वाटेनासं झालं असतं.

कामाला वेळ एकच. भोंगाबाई झोपल्या की.

आणि त्यांच्या झोपेची तऱ्हा जगावेगळी. इतर मुलं शांततेत झोपतात, ही शांततेत उठते. मिक्सर, पंप, शेजारच्या घरातलं ड्रिलिंग, काहीही चालू असू दे, मेल्यासारखी झोपेल. आवाज थांबला रे थांबला की डोळे टक्क उघडे आणि भोंगा चालू. म्हणून दुपारी आम्ही पॅसेजमध्ये व्हॅक्युम क्लीनर चालू ठेवतो. आमच्या पॅसेजइतका स्वच्छ पॅसेज तुम्हाला इस्पितळातही मिळणार नाही.

व्हॅक्युमच्या घरघरीत तिचं रडणं ऐकू यावं म्हणून नणंदेनं आम्हाला एक यंत्र दिलं होतं. त्याचे दोन तुकडे. एक बाळाच्या उशाशी ठेवायचा, तो हातभर अंतरातलाच आवाज ऐकतो आणि आवाज असेल तेवढाच वेळ पुढे पाठवतो. दुसरा आपल्याजवळ ठेवायचा, तो बोलतो. नणंदेची दोन मुलं त्या यंत्रावर रडून मोठी झाली होती, आता थोरल्याला मिसरूड फुटली होती. इतकं ते जुनं. आम्ही त्याला रडूयंत्र म्हणायचो.

बाकी माझं सामानही काही कमी जुनं नव्हतं. रिमोट विटेएवढा जड, आणि त्याची एरियल बाहेर ओढली की पडद्यात अडकायची. बॅटरीवर हिरवी बुरशी. इंजिनात जुन्या इंधनातलं एरंडेल वाळून इतकं घट्ट झालं होतं की पंखा फिरवायला गेलं तर अख्खं विमानच फिरायचं. बाबांनी बाह्या वर केल्या.

संध्याकाळी नवऱ्यानं गॅसवरच्या पातेल्यावरचं झाकण उचललं.

"हे काय शिजतंय?"

"इंजिन," बाबा म्हणाले. "हात लावू नका, अजून कच्चं आहे."

"बाबा, हे दूध तापवायचं पातेलं आहे."

"होतं," बाबा शांतपणे म्हणाले.

इंजिन सुटलं. बॅटरी बदलली. पुढच्या दुपारी भोंगाबाई झोपल्यावर मी विमान छोट्या खोलीतल्या टेबलावर ठेवलं, रिमोट चालू केला आणि त्यावरची काडी डावीकडे सरकवली. शेपटीचं सुकाणू डावीकडे वळलं. उजवीकडे सरकवली, उजवीकडे वळलं. मला रडू यायचं बाकी होतं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझं पहिल्या शब्दात ऐकत होतं.

तेवढ्यात कोणीतरी व्हॅक्युम बंद केला आणि आत भोंगा वाजला. मी पळाले. बाबाही पळाले, नातीला आधी कोण उचलतं याची आमच्यात शर्यत असते. विमानापाशी राहिला नवरा.

मी पोरीला कडेवर घेऊन परत आले तर तो विमानाकडे टक लावून बघत होता.

"तू आत गेलीस की ते शेपटी हलवतं," तो म्हणाला.

"काय?"

"शेपटी. डावी-उजवी, डावी-उजवी. कुत्रं हलवतं तशी. रिमोटला कोणी हात लावलेला नाही."

मी टेबलाकडे पाहिलं. विमान गपगार. काडी हलवली, शेपटी शहाण्यासारखी वळली.

"मला तर काही दिसत नाही."

"आता नाही हलवत. आत्ता हलवत होतं."

मी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. मला समोर नवरा दिसत नव्हता. कपाट दिसत होतं. दोन दारांचं, आरशाचं.

"तुझी आठवण येत असेल त्याला," बाबा म्हणाले.

"बाबा, मी थट्टा करत नाही," नवरा म्हणाला.

"मग पुरावा दाखव," मी म्हटलं. दावे तपासणाऱ्या माणसाला हे फार लागतं.

दुसऱ्या दिवशीही तेच. भोंगाबाई उठल्या, आम्ही बापलेक पळालो, आणि मागून नवऱ्याची हाक आली, "हलवतंय! या लवकर!" पण आम्ही पोरीला घेऊन येईपर्यंत ती गप्प झालेली आणि विमानही. त्यानं व्हिडिओ काढायचा प्रयत्न केला, त्यात शेवटी फक्त त्याचाच अंगठा आला.

तरी मनात शंका राहायला नको. शेपटी हलवणारी छोटी मोटर बदलली, वायर बदलली, जोड पुन्हा तापवून घट्ट केले. आणि दर दुरुस्तीनंतर कसून तपासणी केली. दर वेळी विमान शंभर टक्के ठणठणीत. दर वेळी भोंगाबाई गाढ झोपेत. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं. ज्या बाईला मूल झोपल्यावरच हात मोकळे मिळतात, तिला मूल जागं असताना काय बिघडतं ते कसं दिसणार? तेव्हा ती मूल सांभाळत असते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनाच कळली होती. मी रिमोट चालू केला की स्वयंपाकघरातलं रडूयंत्र डास शिरल्यासारखं गुणगुणायला लागायचं. "जुनं झालंय," असं म्हणून नवऱ्यानं त्याचा आवाज बारीक करून टाकला. विषय संपला.

रविवार उजाडला. मैदान म्हणजे शहर संपल्यावरचं एक लांबरुंद कुरण. एका कडेला पत्र्याची शेड, शेडजवळ एक मोठं झाड. क्लबची मंडळी तीच होती, फक्त पोटं पुढे आली होती आणि विमानं नवी झाली होती. एकाकडे तर शिट्टी मारत जाणारं जेट होतं. त्याला सगळे जेटवाला म्हणत, आणि तोही स्वतःची ओळख तशीच करून देत होता.

"डॉक्टर!" क्लबचे चिटणीस बाबांकडे धावले. "किती वर्षांनी! आणि ही आपली... ताई, आई झालात की हो!"

"झाले खरी. मला माझा चिमटा द्या."

इथे चिमट्याचं सांगायला हवं. जुन्या रिमोटला प्रत्येकाचा ठरलेला चॅनल असायचा. एकाच चॅनलवर दोघांनी रिमोट चालू केला, तर विमान दोघांचंही ऐकायला जातं, आणि दोघांचंही ऐकणाऱ्याचं काय होतं हे सासूसुनेमधल्या कुठल्याही नवऱ्याला विचारा. म्हणून शेडमध्ये एक फळी असायची. तिच्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे, प्रत्येकावर चॅनलचा आकडा. आपला चिमटा काढून एरियलला लावायचा आणि मगच रिमोट चालू करायचा. चिमटा जागेवर नसेल तर मुकाट बसायचं. हा नियम बाबांनी मला विमान शिकवायच्या आधी शिकवला होता.

फळी होती. तिच्यावर टोप्या लटकत होत्या.

"ताई, आता चिमटे कोण वापरतं?" जेटवाला हसला. "आमचे रिमोट आपली रिकामी वाट आपणच शोधतात."

"तुमचे शोधत असतील," बाबा म्हणाले. "आमचा सरळमार्गी आहे. एकाच वाटेनं जातो. चिमटा काढा."

चिटणिसांनी टोप्यांखालून चिमटा शोधून काढला. मी तो एरियलला लावला आणि मैदानभर फिरून एकेकाला विचारलं, तुमच्याकडे जुना रिमोट नाही ना? गाडीत? पिशवीत? जेटवाल्याला दोनदा विचारलं. म्हटलं, आपल्याकडून गलथानपणा नको. माझ्या चॅनलवर या मैदानात दुसरं कोणीही नाही, याची मी पक्की खात्री करून घेतली.

मग भोंगाबाईंची बाबागाडी झाडाखाली सावलीत लावली. जेटच्या आवाजात त्या ढाराढूर झोपल्या होत्या. तरी आईचं काळीज. मी रडूयंत्राचा ऐकणारा तुकडा त्यांच्या उशाशी, दुपट्याच्या घडीत खोचला. बोलणारा माझ्या कमरेला लावला.

इंजिन पहिल्या झटक्याला नाही, पण तिसऱ्याला सुरू झालं. एरंडेलाचा तो जळका वास नाकात गेला आणि मला एकदम जीन्सच्या खिशात हात घालून उभी असलेली मीच दिसले, पोट आत असलेली. बाबा माझ्या उजव्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. पूर्वीही तिथेच उभे राहायचे.

"वेग दे," ते म्हणाले. "दे. अजून. आता नाक वर... सोड."

विमान उडालं.

मी हे खूप तिखटमीठ लावून सांगू शकले असते, पण ते इतकं साधं झालं. गवतावर थोडं उड्या मारत गेलं आणि मग उड्या थांबल्या, एवढंच. माझ्या अंगठ्यांना सगळं आठवत होतं. डोक्याला विचारायलाही ते थांबले नाहीत. लाल पंख उन्हात वळले, लांब गेले, परत आले. कोणी माझ्या केसाला लोंबकळत नव्हतं.

"मला चाकं दिसतायत," बाबा हळूच म्हणाले.

"हं?"

"चाकं. एवढ्या वरची. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बरं दिसतं हे माहीत होतं, पण आत्तापर्यंत बघण्यासारखं काही नव्हतं ना."

मी नजर विमानावरच ठेवली. डोळ्यांत पाणी आलं तर विमान दिसत नाही, हाही बाबांचाच नियम.

चार-सहा फेऱ्या झाल्या. नवरा छातीवर हात बांधून उभा होता, पण चेहऱ्यावर भिंत सोडून दिल्याचे भाव स्पष्ट होते. आता फक्त उतरवायचं.

वारा असा होता की उतरताना झाडावरूनच यावं लागत होतं. मी विमान वळवलं, सरळ रेषेत आणलं आणि उतरण्यासाठी इंजिन हळू केलं. आवाज एकदम बसला. मैदानावर छान शांतता पसरली.

आणि विमानानं झाडाच्या वर येताच शेपटीला जोरात झटका दिला, डावीकडे मान टाकली आणि थेट शेडवर चाल केली.

शेडखालची मंडळी चहाच्या कपांसकट आडवी झाली. मी पूर्ण वेग दिला. इंजिन गरजलं, विमान वर चढलं आणि एकदम गुणी बाळासारखं वागायला लागलं.

"वारा," बाबा म्हणाले.

"वारा," मी म्हटलं. पुन्हा फेरी घेतली, सरळ रेषेत आणलं, इंजिन हळू केलं. शांतता. झाड. झटका. या वेळी विमान गरकन उलटं झालं, पोट आभाळाकडे करून शेडच्या पत्र्यावरून गेलं, आणि पलीकडे स्वतःच सुलटं झालं. जेटवाल्याची टोपी उडाली. मी पुन्हा वेग दिला.

"हलवतंय!" नवरा ओरडला. "शेपटी हलवतंय! मी सांगत होतो का नव्हतो? बघितलं ना सगळ्यांनी? झाला पुरावा?"

संसारात एखाद्यानं बरोबर ठरण्याची वेळ किती चुकीची निवडावी!

"इंधन किती असेल?" मी बाबांना विचारलं.

"असेल अजून एक फेरी. कदाचित."

तिसऱ्यांदा मी इंजिन हळू केलं, आणि आवाज बसताक्षणी माझ्या कमरेवरून एक चिरका सूर आला. आँ... आँऽऽ. त्या सुरासरशी विमानानं शेपटी हलवली. आँ, डावी. आँऽऽ, उजवी. ठेका धरल्यासारखी.

मी वेग दिला. इंजिन गरजलं. भोंगाबाई गप्प झाल्या. विमान सरळ झालं.

माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला. विमान उतरवायचं तर इंजिन हळू करायला हवं. इंजिन हळू केलं की शांतता होते. शांतता झाली की माझी मुलगी उठते. आणि ती रडली की विमान माझं राहत नाही. असं का, ते मला अजून कळलं नव्हतं, पण तो तपास करायला वरती इंधन नव्हतं.

"तिला गप्प कर!" मी नवऱ्याला ओरडून सांगितलं.

"अगं, आधी विमान बघ!"

"विमान राहू दे! आधी तिला बघ! तिला रडू देऊ नकोस!"

अख्खं मैदान स्तब्ध झालं. डोक्यावर विमान पिसाळलेलं, आणि या बाईला पोरीच्या रडण्याची काळजी. चिटणीस शेजारच्याला म्हणाले, "आई ती आईच." जेटवाल्यानं तर डोळे पुसले. मी तुम्हाला खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात ममतेचा लवलेश नव्हता. मला माझी भिंत दिसत होती.

नवरा बाबागाडीकडे धावला. खुळखुळा वाजवला. पोरगी बिथरली. त्यानं वाकून "अले अले" केलं. तिनं सूर वरच्या पट्टीत नेला. माझ्या कमरेवरचं रडूयंत्र फाटायच्या बेतात आलं आणि वर विमानानं पंख तुटलेल्या माशीसारखी गिरकी घेतली.

"तिला आवाज हवाय!" मी ओरडले. "इंजिनासारखा!"

माझ्या खांद्यामागची जागा रिकामी झाली. बाबा झाडाकडे पळत होते. गुडघ्यांचं ऑपरेशन पुढच्या वर्षी आहे म्हणणारा माणूस पळत होता. ते बाबागाडीवर वाकले, दोन्ही हात तिच्या काठावर टेकवले आणि तोंडानं आवाज काढला.

"घुंईईईईई."

दात कोरायच्या मशीनचा. जन्मभर कानाशी ऐकलेला, हुबेहूब, मध्येच दाढेला लागल्यावर पडतो तसा बारीक होणारा. या आवाजानं चांगले धट्टेकट्टे पुरुष खुर्चीतून उठून पळाल्याचं मी पाहिलंय. भोंगाबाईंनी ओठ मिटले आणि आजोबांकडे भक्तिभावानं बघायला लागल्या.

"श्वास संपतोय!" बाबांनी दोन घुंईंच्या मध्ये सांगितलं. "कोणीतरी या!"

नवरा लागला. त्याचा आवाज जुन्या स्कूटरचा. चिटणीस आले, त्यांनी ट्रक धरला. जेटवाला आला आणि अर्थातच जेट झाला. काही विचारायच्या भानगडीत न पडता मैदानावरची सगळी पोक्त मंडळी बाबागाडीभोवती कोंडाळं करून तोंडानं इंजिनं चालवू लागली.

मी वेग कमी केला. त्याच वेळी इंधन संपलं आणि इंजिन स्वतःच थांबलं.

आता एकच संधी होती. लाल पंख आवाज न करता झाडावर आले. खाली घरघर, घुंई, भुर्रर्र. शेपटी हलली नाही. विमान सगळ्यांच्या टकलांवरून अलगद पुढे सरकलं, गवताला टेकलं, एक चाक निखळून त्याच्या आधी पुढे पोहोचलं, नाक मातीत गेलं, पंखा कटकन मोडला आणि सगळं थांबलं.

मी रिमोट धरून तशीच उभी राहिले.

टाळ्या वाजवत मंडळी शेडकडे गेली. मी विमान उचलून झाडाखाली आणलं, बाबागाडीशेजारी ठेवलं. भोंगाबाई आता उठून बसल्या होत्या, कुणीतरी आपल्यासाठी एवढा मोठा कार्यक्रम केला म्हणून खुशीत. त्यांनी आजोबांकडे पाहिलं, ओठांचा चंबू केला आणि म्हटलं, "घुं."

विमानानं शेपटी हलवली.

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"घुं," भोंगाबाई म्हणाल्या. शेपटी हलली.

बाबांनी दुपट्याच्या घडीतून रडूयंत्र बाहेर काढलं, मागे वळवलं, आणि नव्या डोळ्यांनी तिथला मुंगीएवढा आकडा वाचला. मग माझ्या रिमोटमधला आकडा वाचला. मग चष्म्याशिवाय वाचलं म्हणून जरा वेळ खूश झाले. आणि मग म्हणाले, "एकच चॅनल आहे गं."

मी मैदानावर सगळ्यांना विचारलं होतं. एकीला सोडून.

नवऱ्यानं घसा खाकरला. हा आवाज मला ओळखीचा आहे. यानंतर तो दावा फेटाळतो.

"विमान उडालं, हे मान्य," तो म्हणाला. "खाली आलं, हेही मान्य. पण घटनेच्या वेळी वाहन कोण चालवत होतं?"

"दोघी मिळून," मी पडेल आवाजात म्हटलं.

"त्यातली एक अकरा महिन्यांची. परवाना नाही. तुझ्याच हातानं उतरलं पाहिजे, अशी अट होती. शिवाय नाक मोडलंय, चाक गेलंय." तो विमानाभोवती एक फेरी मारून आला. वाकून चाकाची जागा बघितली. निखळलेलं चाक त्यानं मघाशीच शोधून खिशात ठेवलं होतं, ते काढून बसवून पाहिलं. "तुझा दावा नामंजूर."

अट मीच कबूल केली होती.

"पण," तो म्हणाला, "दुसरा दावेदार उभा आहे. म्हणजे, बसला आहे. खोली तिची. भिंत तिची. आणि ही वस्तू तिचं ऐकते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेही पहिल्यांदा मीच पाहिलंय. तेव्हा विमान भिंतीवर राहील. मालक म्हणून हिचं नाव."

"आणि कपाट?"

"ते पॅसेजमध्ये मावेल. व्हॅक्युमला जरा वळसा घालावा लागेल."

"आणि मी?"

"तू दुरुस्ती, देखभाल आणि इंधन."

बाबा हसून हसून बाबागाडीला धरून उभे राहिले. मी रागावणार होते, पण भोंगाबाईंनी हात पसरले, मी उचललं, आणि माझ्या एरंडेलाच्या वासाच्या खांद्यावर त्यांनी गाल टेकला. तिथेच "घुं" म्हणाल्या. मग मला राग आठवेना. रडूयंत्र तेवढं मी बंद करून टाकलं. नव्या चॅनलचं घ्यायचं ठरलंय.

आम्ही गाडीत सामान भरत होतो तेव्हा चिटणीस आणि जेटवाला आले. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी फक्त एका भ्यालेल्या बाळाला गप्प केलं होतं.

"ताई, आता दर रविवारी यायचं," चिटणीस म्हणाले. "आणि ते शेडवरून उलटं नेलंत ना, पोट वर करून... मला वाटलं गेलं विमान. आणि तुम्ही पलीकडे अलगद सुलटं केलंत. इतक्या वर्षांनी, आणि या जुन्या रिमोटवर!"

"मला अजून जमत नाही ते," जेटवाला खाली बघत म्हणाला. "कसं केलंत?"

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. बाबांनी आभाळाकडे पाहिलं.

"सराव," मी म्हटलं.

"पुढच्या महिन्यात क्लबला पाहुणे यायचेत," चिटणीस म्हणाले. "तेवढी एक गिरकी त्यांना दाखवा ना, ताई. सकाळी ठेवू का? सकाळी वारा कमी असतो."

मी मागच्या सीटवर पाहिलं. गाडीचं इंजिन चालू होतं, आणि मालकीणबाई तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या.

"सकाळी नको," मी म्हटलं. "सकाळी ती हसत असते. दुपारी ठेवा."